सर्च न करता साइटवर थेट आणि सेफ कसं जायचं?

जैतापूर_खाडी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव, वाडीत लॅपटॉप असलेलं घर आमचंच, त्यामुळे सगळ्यांची ऑनलाइन कामं माझ्याकडे येतात. कुणाचा सातबारा, कुणाचं लाइट बिल, कुणाच्या पोराची पासपोर्टची अपॉइंटमेंट, आणि गणपती जवळ आले की चाकरमान्यांच्या तिकिटांसाठी फोनवर फोन.

आत्तापर्यंत पद्धत एकच, ब्राउझर उघडायचा, नाव टाइप करायचं, पहिली लिंक दाबायची. पण हल्ली पहिल्या दोन-तीन लिंका भलत्याच असतात. शेजारच्या काकांनी त्यांच्याच मोबाइलवर "सातबारा ऑनलाइन" असं टाकलं, वरची लिंक दाबली, फॉर्म भरला, आधार नंबर दिला, मोबाइल नंबर दिला, तीनशेच्या वर पैसे भरले. सातबारा काही आला नाही, आता दिवसभर लोनवाल्यांचे फोन येतात. साइट दिसायला अगदी सरकारी, वर अशोकस्तंभ वगैरे सगळं. काका म्हणतात मी कशावरून ओळखायची होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडेपण नाही.

दुसरं म्हणजे आमच्याकडे नेटवर्कची एकच दांडी, पावसात तीपण जाते. आधी सर्चचं पान उघडणार, मग त्यावरून साइट उघडणार, मग साइटच्या आतलं पान शोधायचं, यात इतका वेळ जातो की तत्काळ तर विसराच. तर साइटवर सरळ कसं पोचायचं आणि ती खरीच आहे हे कसं बघायचं, जे रोज करता त्यांनी नीट सांगा. काकांना सांगता येईल असं सांगितलंत तर फार बरं.

कलमबाग_देवगड

दादा, तुमचे दोन प्रश्न वाटतायत पण उत्तर एकच आहे. नेहमीच्या साइटसाठी सर्च करणं बंद करायचं. सर्च हा नवीन गोष्ट शोधायला असतो, जिथे आपल्याला दर महिन्याला जायचंय तिथे दर वेळी नव्याने वाट विचारत जायचं कशाला. फसवणारा बसलेला असतो तो त्या वाटेवरच, कारण सर्चमध्ये वर जे येतं त्यात पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात, बारीक अक्षरात "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं आणि मोबाइलवर घाईत ते कुणाला दिसत नाही. खरी सातबाऱ्याची साइट जाहिरात कशाला करेल? ती खाली राहते आणि जाहिरातवाला वर.

तेव्हा एकदाच नीट बसायचं, अर्धा तास घ्यायचा, आणि ज्या आठ-दहा साइट लागतात त्यांचे पत्ते स्वतः टाइप करून, तपासून, बुकमार्क करून ठेवायचे. लॅपटॉपवर साइट उघडली की कंट्रोल आणि डी दाबा, बुकमार्क झाला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की वर पट्टी दिसते, त्यात तो राहतो. एक क्लिक आणि साइट समोर, सर्चचं पान मध्ये येतच नाही, म्हणजे तुमच्या एका दांडीच्या नेटवर एक अख्खं पान वाचलं.

आता पत्ता तपासायचा कसा. हे मी आमच्या गावात सगळ्यांना एकाच पद्धतीने सांगतो आणि वयस्कर माणसांनापण समजतं. पोस्टाचा पत्ता आपण कसा लिहितो, घर, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. माणूस कुठला ते शेवटाकडून कळतं. साइटचं तसंच, पत्ता उजवीकडून वाचायचा. वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो त्यात पहिली तिरकी रेघ कुठे येते बघा, सुरुवातीच्या एचटीटीपीएस नंतरच्या त्या दोन रेघा सोडून. त्या रेघेच्या लगेच डावीकडे जे आहे ते साइटचं खरं घराणं, त्याच्याही डावीकडे काय वाटेल ते लिहिता येतं.

सातबाऱ्याची साइट घ्या. भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन. उजवीकडून वाचलं की आधी इन, मग जीओव्ही, मग महाभूमी. जीओव्ही डॉट इन हे कुणाही खाजगी माणसाला पैसे देऊन मिळत नाही, ते फक्त सरकारी खात्यांना मिळतं. म्हणजे शेवटी जीओव्ही डॉट इन आणि लगेच रेघ असेल तर साइट सरकारी. आता हेच बघा, महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम. यात जीओव्ही डॉट इन दिसतंय, पण शेवटी काय आहे? अमुकतमुक डॉट कॉम. ही साइट त्या अमुकतमुकवाल्याची, डावीकडे त्याने काहीही चिकटवलंय. काकांना जी दिसली ती अशीच कुठलीतरी असणार.

त्या साइटचं स्पेलिंगपण लिहून ठेवा, एम ए एच ए बी एच यू एम आय. तिथे विभाग निवडताना कोकण निवडायचं, मग जिल्हा, तालुका, गाव. नुसता बघण्यापुरता सातबारा फुकट आहे, त्याचे पैसे कुणी मागितले की तिथेच बंद करायचं. डिजिटल सहीचा हवा असेल, म्हणजे बँकेत किंवा कोर्टात द्यायला, तर डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन, आणि त्याची फी १५ रुपये. तीनशे कुठेच नाहीत.

एक मात्र सांगतो, म्हणजे गोंधळ नको. सगळ्याच खऱ्या साइट जीओव्ही डॉट इन नसतात. महावितरणची महाडिस्कॉम डॉट इन आहे, रेल्वे तिकिटांची आयआरसीटीसी डॉट को डॉट इन. त्यामुळे जीओव्ही नाही म्हणजे खोटी असं नाही, पण जीओव्ही असायला हवी तिथे नसेल, जसं पासपोर्ट किंवा आरटीओ, तर ती नक्की खोटी. पासपोर्टची पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन, गाडीच्या कागदांची परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन. या दोन्हींच्या नावाने खाजगी साइट ढिगाने आहेत.

वेळणेश्वर_ताई

वरचं सगळं बरोबर आहे. मी तिकिटांचं सांगते कारण आमच्याकडे दरवर्षी गणपतीत तेच युद्ध असतं, दिरांचं कुटुंब, नणंदेचं कुटुंब, सगळ्यांची तिकिटं मीच काढते.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आधी ते १२० दिवस होतं, आणि अजून निम्म्या लोकांच्या डोक्यात १२० च आहे. सकाळी ८ ला उघडतं. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, कुठलीही घ्या, ८ वाजता तुम्ही सर्चमध्ये नाव टाइप करत बसलात तर संपलं. मी पावणेआठला बुकमार्कवरून साइट उघडते, प्रवाशांची नावं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरलेली असतात, त्यामुळे त्या वेळी टाइप करायला काही उरतच नाही. तत्काळचं म्हणाल तर आदल्या दिवशी एसीचं १० ला आणि बिनएसीचं ११ ला, आणि १ जुलै २०२५ पासून ज्याचं खातं आधारने व्हेरिफाय केलेलं आहे त्यालाच ऑनलाइन तत्काळ मिळतं, तर ते काम आज करून ठेवा, त्या दिवशी सकाळी नाही.

पेमेंट करताना पान अडकलं तर रिफ्रेश करायचं नाही आणि मागेपण जायचं नाही. दुसऱ्या टॅबमध्ये साइट उघडून बुक्ड तिकीट हिस्टरी बघायची, तिकीट झालंय की नाही ते तिथे कळतं. नेट गेल्यावर लोक घाबरून पुन्हा पुन्हा दाबतात आणि दोनदा पैसे कापले जातात, मग परत यायला दिवस लागतात.

आणि लिंक उघडताना कंट्रोल धरून क्लिक करायची सवय लावा, ती नव्या टॅबमध्ये उघडते, आधीचं पान तसंच राहतं. नेट खराब असताना मागे जाऊन पान परत लोड होण्याची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी, परत येतो.

सेफचं म्हणाल तर मी पत्त्याच्या शेजारी कुलूप आहे का ते बघते. कुलूप असलं की साइट सेफ.

खाडीपट्टा_चिपळूण

ताई, तिकिटांचं तुम्ही एकदम कामाचं सांगितलंत, पण कुलपाचं तेवढं मनातून काढून टाका, आणि इतर वाचणाऱ्यांनीपण काढा, कारण याच एका समजुतीवर लोक फसतात.

कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि ती साइट यांच्यामध्ये जे जातंय ते वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलाय याची ते कुलूप काहीच हमी देत नाही. पलीकडे चोर असेल तर तुमचा आधार नंबर चोरापर्यंत अगदी सुरक्षित पोचतो, वाटेत दुसऱ्या कुणाला मिळत नाही, इतकंच. कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट पूर्वी पैसे देऊन घ्यावं लागायचं, आता गेली कित्येक वर्षं ते फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, त्यामुळे खोट्या साइटवरपण ते असतंच. म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं, आता तिथे दोन आडव्या रेघांवर दोन गोल असं सेटिंगचं चित्र येतं. कुलूप नसेल, म्हणजे पट्टीत "नॉट सिक्युअर" दिसत असेल, तर काही भरायचं नाही हे मात्र खरंच. म्हणजे ते असणं गरजेचं आहे, पण ते दिसलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

कलमबागवाल्या दादांनी उजवीकडून वाचायचं सांगितलं त्यात एक भर. टिंब आणि आडवी रेघ यात फरक आहे, आणि तो डोळे फाडून बघावा लागतो. महाभूमी, टिंब, जीओव्ही, टिंब, इन, ही सरकारी. पण महाभूमी, मग आडवी छोटी रेघ, मग जीओव्ही, टिंब, इन, असं कुणी घेतलं तर ते सगळं मिळून एक नाव झालं, शेवटी फक्त इन. आणि नुसतं डॉट इन कुणीही माणूस वर्षाला थोडे पैसे भरून घेऊ शकतो. मोबाइलच्या बारीक पट्टीत टिंब आणि रेघ सारखीच दिसतात, म्हणून पट्टीवर एकदा बोट ठेवून अख्खा पत्ता उघडून बघायचा.

अजून एक चलाखी म्हणजे पत्त्यात ते ईमेलमधलं ॲट द रेटचं चिन्ह. त्या चिन्हाच्या आधी जे लिहिलेलं असतं त्याला ब्राउझर साइट मानतच नाही, युजरनेम मानतो, खरी साइट त्याच्या पुढची. मेसेजमध्ये अशी लिंक आली, आधी बँकेचं नाव, मग ॲट द रेट, मग काहीतरी, तर ती सरळ डिलीट करा.

लिंक दाबायच्या आधी कुठे जाते ते बघता येतं. लॅपटॉपवर माउस नुसता लिंकवर ठेवला की खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिंकवर बोट दाबून धरलं की वर येतो. बऱ्याचदा लिहिलेलं एक असतं आणि खाली निघतं दुसरंच. "आज रात्री ९.३० ला तुमची वीज कापली जाईल" असले मेसेज आपल्याकडे किती फिरले, त्यातल्या लिंकला हात न लावता स्वतःच्या बुकमार्कवरून महावितरण उघडून बिल बघितलं की दोन मिनिटांत कळतं बिल भरलेलंच आहे. मेसेज खरा की खोटा यावर डोकं खर्चच करायला नको, मेसेजातल्या लिंकने जायचंच नाही, आपल्या वाटेने जायचं.

हेच कस्टमर केअरच्या नंबराचंपण. नंबर सर्च करायचा नाही, साइटवर जाऊन तिथून घ्यायचा.

मालवणी_मासळी

माका पण ह्याच व्हया होता, बरा झाला कोणीतरी इचारल्यान. पण माझ्याकडे लॅपटॉप नाय, सगळा मोबायलार. ता बुकमार्क मोबायलार खंय असता आणि मगे उघडूचा कसा, ता पण सांगा कोणीतरी.

कलमबाग_देवगड

मासळी, मोबाइलवर क्रोममध्ये साइट उघडा, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत ती दाबा, आत चांदणी दिसेल, ती दाबली की बुकमार्क. पण मोबाइलवर त्याहून सोपं म्हणजे त्याच तीन टिंबांमध्ये "ॲड टू होम स्क्रीन" असतं, ते करा. मग व्हॉट्सॲपच्या शेजारी साइटचंपण चित्र येतं, एक टिचकी मारली की साइट. नाव विचारेल तेव्हा मराठीत लिहा, सातबारा, लाइट बिल, असं.

सेवानिवृत्त_रोखपाल

मी आयुष्यभर बँकेत होतो, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाखांमध्येच, तेव्हा बँकेपुरतं लिहितो, कारण ही माहिती लोकांपर्यंत पोचलीच नाहीये.

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी बँक डॉट इन असा वेगळा पत्ता राहील, एप्रिल २०२५ मध्ये त्याचं परिपत्रक आलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिकडे जायचं असं सांगितलं. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था एकटीच हे पत्ते देते, तीही फक्त बँकांना. म्हणजे सरकारी साइटसाठी जीओव्ही डॉट इनची जी खूण तुम्ही वर सांगितलीत तशीच खूण आता बँकांना आहे, आणि ती मोठ्या बँकांसारखी सहकारी बँकांनापण लागू आहे. तुमच्या बँकेच्या साइटचा पत्ता उजवीकडून वाचा, रेघेच्या आधी बँक डॉट इन आलं पाहिजे, मध्ये टिंब. एचडीएफसी बँकेचा पत्ता एचडीएफसी डॉट बँक डॉट इन असा झालाय. पण बँक हा शब्द नावातच चिकटून आला, म्हणजे अमुकबँक डॉट इन, तर ती खूण नव्हे, असं नाव कुणालाही मिळतं.

तुम्ही जुने बुकमार्क केलेले असतील तर जुन्या पत्त्यावरून साइट आपोआप नव्यावर नेत असेल, तिथे पोचल्यावर नवा पत्ता नीट वाचा आणि जुना बुकमार्क काढून नवा करा. पतसंस्थांना हा पत्ता मिळत नाही, तेव्हा पतसंस्थेच्या साइटला बँक डॉट इन नाही म्हणून घाबरू नका, तिचा पत्ता पासबुकावर किंवा शाखेत जाऊन विचारा.

तुमच्या शेजारच्या काकांना माझा निरोप द्या. पैसे गेल्याचं कळल्या कळल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, लाजायचं नाही, थांबायचं नाही. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवता यायची शक्यता जास्त. आता उशीर झाला असला तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा, आधार नंबर गेलाय म्हणून आधारच्या साइटवरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. काउंटरवर बसून मी फार माणसं रडताना बघितली आहेत आणि त्यातली बहुतेक दोन-चार दिवसांनी आली होती, घरच्यांना काय सांगू म्हणून गप्प बसून.

जैतापूर_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना रोखपाल साहेबांचं वाचून दाखवलं, आज दुपारी तक्रार नोंदवली. उजवीकडून वाचायचं तेपण त्यांना लगेच समजलं, पोस्टाचा पत्ता म्हटल्यावर.

बुकमार्क सगळे केले. आता तीन अडचणी राहिल्यात. एक, घरातली मोठी माणसं टाइपच करत नाहीत, माइक दाबून बोलतात, आणि बोललं की सर्चच होतो. आई मराठी कीबोर्ड वापरते, तिलापण पत्ता टाइप करता येत नाही. दोन, मी वाडीतल्या पाच-सहा जणांची खाती माझ्या लॅपटॉपवर उघडतो, त्याचं काय करायचं. आणि तीन, काकांच्या मोबाइलमध्ये आणि माझ्यापण लॅपटॉपमध्ये पट्टीत दोन अक्षरं टाकली की ती खोटी साइटच आपोआप पुढे येते, कारण तिकडे एकदा जाऊन आलोय. ती कशी घालवायची?

खाडीपट्टा_चिपळूण

माइकवाल्यांना होम स्क्रीनवरचं चित्र हाच इलाज, त्यांना ब्राउझर उघडायलाच लावू नका. आईंसाठी एक छान सोय आहे जी फार कुणी वापरत नाही. बुकमार्कचं नाव बदलून मराठीत ठेवा, नुसतं "सातबारा". मग पट्टीत मराठी कीबोर्डवरून "सात" टाइप केलं तरी खाली चांदणीच्या खुणेसह तो बुकमार्क सुचवला जातो, कारण ब्राउझर बुकमार्कच्या नावातपण शोधतो. फक्त आईंना एवढं सांगा की एंटर दाबायचं नाही, एंटर दाबलं की सर्च होतो, खाली चांदणीवालं जे येईल त्यावर बोट ठेवायचं. फायरफॉक्स वापरत असाल तर बुकमार्कला कीवर्ड देता येतो, दोन अक्षरांचा ठेवा, तो टाइप करून एंटर मारलं की थेट साइट.

दुसऱ्यांच्या खात्यांसाठी क्रोममध्ये गेस्ट विंडो उघडा, वर उजवीकडे आपलं चित्र असतं तिथे गेस्ट मिळेल. ती बंद केली की त्या माणसाचं लॉगिन, हिस्टरी, काही लॅपटॉपवर राहत नाही. इनकॉग्निटोपण चालेल, कंट्रोल, शिफ्ट आणि एन, त्यात तुमचे बुकमार्क दिसतात म्हणून ते जास्त सोयीचं, गेस्टमध्ये दिसत नाहीत. डाउनलोड झालेली फाइल मात्र दोन्हीतही लॅपटॉपवर तशीच पडून राहते, लोकांचे आधार आणि सातबारे डाउनलोड फोल्डरमध्ये महिनोन्महिने साचतात, काम झालं की ती हाताने काढायची. पासवर्ड सेव्ह करू का विचारलं तर दुसऱ्यांच्या खात्याला नेव्हर.

तुमच्या स्वतःच्या खात्यांचे पासवर्ड मात्र ब्राउझरमध्ये जरूर सेव्ह करा, आणि हे मी सेफ्टीसाठीच सांगतोय. ब्राउझर पासवर्ड पत्त्याबरोबर जोडून ठेवतो. खोट्या साइटवर गेलात तर डिझाइन कितीही हुबेहूब असू दे, तिथे तो पासवर्ड आपोआप भरतच नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही तर हाताने टाइप करायला जाऊ नका, आधी पत्ता बघा. लॅपटॉपला स्वतःचा पासवर्ड असला पाहिजे हे ओघाने आलंच.

वेळणेश्वर_ताई

कुलपाचं समजलं, घरी सगळ्यांना सांगितलं, धन्यवाद दादा.

ती खोटी साइट घालवायचं मला माहितीये. लॅपटॉपवर पट्टीत दोन अक्षरं टाका, खाली यादी येईल, बाणाच्या बटणाने त्या खोट्या पत्त्यावर या आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. यादीतून जाते. मोबाइलवर त्या पत्त्यावर बोट दाबून धरलं की काढून टाकू का विचारतं, ओके करायचं. काकांच्या मोबाइलवर आणखी एक बघा, त्या साइटने "अलाउ" दाबायला लावलं असेल तर तिच्या नोटिफिकेशन येत राहतात, बक्षीस लागलं, व्हायरस आला, असल्या. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, त्यात नोटिफिकेशन, तिथे ज्या साइट अलाउमध्ये दिसतील त्यातल्या ओळखीच्या नसतील त्या सगळ्या ब्लॉक करा. आमच्या सासऱ्यांच्या फोनमध्ये अशा पंधरा-वीस निघाल्या होत्या.

मालवणी_मासळी

होम स्क्रीनार सातबारो इलो, लाइट बिल पण इला. रेल्वेचा करताना पत्त्यात डॉट को डॉट इन असा दिसता, कॉम नाय, ता बरोबर मां?

वेळणेश्वर_ताई

हो, को डॉट इनच. आणि लॅपटॉपवाल्यांनो, नाव टाकून कंट्रोल एंटर मारायची सवय असेल तर रेल्वे आणि सरकारी साइटला ती वापरू नका, ते आपोआप पुढे डॉट कॉम लावतं आणि भलतीकडेच नेतं.